पावसाळ्यानंतर परवान्याचे रिव्हॉल्व्हर तपासताना

घोडबंदर रस्त्यापासून वाशीपर्यंत, खाडीच्या दोन्ही काठांवर, पावसाळ्याच्या चार महिन्यांत कपाटातल्या चामडी पट्ट्यावरही बुरशी चढते; त्याच कपाटाच्या लॉकरमधले रिव्हॉल्व्हर मात्र कोरडे राहिले असेल, असे आपण गृहीत धरतो. म्हणून पावसाळा सरल्यावर, तसेच निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा केलेले हत्यार परत मिळाल्यावर, ते कमरेला लावण्यापूर्वी पुढील तपासणी करावी. दोष ओळखणे आणि लिहून ठेवणे एवढेच मालकाचे काम आहे. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, त्यामुळे बाजूची पट्टी उघडून स्प्रिंगशी खेळण्याचा मोह टाळलेला बरा.

तपासणीला दिवसाचा उजेड आणि तासभर निवांत वेळ असावा. सगळी काडतुसे मोजून दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत, नळीचे तोंड सतत सुरक्षित दिशेला ठेवावे आणि सिलिंडरची, म्हणजे काडतुसे बसणाऱ्या फिरत्या चक्राची, प्रत्येक खोबण आधी डोळ्यांनी पाहून मग बोटाने चाचपावी. मध्येच फोन आला किंवा दाराची घंटा वाजली, तर परतल्यावर हीच पायरी पुन्हा करावी. टेबलावर मऊ कापड, नळी साफ करण्याची काठी, नायलॉनचा छोटा ब्रश, शस्त्रांसाठीचे पातळ तेल, विजेरी आणि .32 ची सहा डमी (दारू नसलेली, सरावाची) काडतुसे असली की पुरे.

आपल्याकडे अनेकांजवळ कानपूरला बनलेले .32 चे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर असते. ते वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या घडणीचे, म्हणजे मधोमध मोडून उघडणारे आहे, आणि त्याचा सगळा भार बिजागरीवर व वरच्या खटक्यावर असतो. हत्यार बंद करून नळी हलक्या हाताने वरखाली आणि आडवी हलवून पाहावी. खटका पूर्ण बसत नसेल किंवा बिजागरीत खडखड जाणवत असेल, तर तपासणी तिथेच थांबवून ते कारागिराकडे न्यावे. हत्यार बंदच होत नसेल, तर पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचे) बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या खाली पाहावे. तिथे अडकलेला न जळलेल्या दारूचा एखादा कण पुरेसा असतो, आणि तो कोरड्या ब्रशने निघतो. या चांदणीची आणखी एक खोड अशी, की हत्यार हळूहळू उघडले तर एखादी पुंगळी तिच्याखाली घसरून अडकते. डमी काडतुसे घालून, नळी वर करून, एका ठाम झटक्यात उघडण्याचा सराव करावा.

सर्वाधिक वेळ सिलिंडरच्या फिरण्याला द्यावा. हत्यार रिकामे असताना सिलिंडरवर बोटाचा किंचित अडसर ठेवून घोडा अगदी सावकाश मागे ओढावा. घोडा शेवटच्या टप्प्यावर अडकण्यापूर्वी किंवा त्याच क्षणी सिलिंडर ‘टक’ करून कुलूपबंद झाला पाहिजे. ही चाचणी सहाही खोबणींवर करावी, कारण झीज सगळीकडे सारखी नसते आणि पाच ठिकाणी बरोबर बसणारा सिलिंडर सहाव्या ठिकाणी मागे राहू शकतो. खोबण नळीशी नीट जुळली नाही, तर गोळीचा काठ खरवडून शिशाचे कण बाजूने उडतात. त्यानंतर ओढून ठेवलेला घोडा अंगठ्याने पुढे दाबून पाहावा. चाप न ओढता तो पडला, तर हे हत्यार दुरुस्त होईपर्यंत भरू नये. या एका दोषाबाबत ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणण्याची सोय नाही.

सिलिंडर जड फिरत असेल, तर त्याच्या पुढच्या तोंडावर आणि मधल्या दांड्यावर काजळी साचली आहे का ते पाहावे. रिकामा असताना सहज फिरणारा सिलिंडर काडतुसे भरल्यावर अडत असेल, तर दोष काडतुसाकडे असण्याची शक्यता जास्त: प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठोक्याने पेटणारी टोपी, बुडाच्या पातळीवर बसलेला नसतो आणि मागच्या पोलादाला घासतो.

गोळी न उडण्याचे कारण मात्र घरी सापडत नाही, ते शूटिंग रेंजवरच सापडते. चाप ओढूनही आवाज झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबावे, मग काडतूस काढून प्रायमरवरची खूण पाहावी. खूण उथळ असेल तर मुख्य स्प्रिंग सैल झालेली असते, प्रायमरवर आदळणाऱ्या पिनचे टोक झिजलेले असते, किंवा घोड्याच्या वाटेत तेल आणि धूळ यांचा चिकटा जमलेला असतो. खूण खोल असूनही बार उडाला नाही, तर काडतूस बाद समजावे. तेल प्रायमरमध्ये झिरपले की काडतूस निकामी होते, आणि हे तेल बहुधा आपणच हौसेने ओतलेले असते. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, तर दुसऱ्यांदा चाप ओढू नये. हत्यार रिकामे करून नळीत काठी घालून पाहावी, कारण गोळी आतच अडकली असेल तर पुढच्या बाराने नळी फुटू शकते.

शेवटी नळी आणि खोबणी पुसून तेलाचा दिसेल न दिसेल इतका थर ठेवावा आणि काडतुसे कोरडीच राहू द्यावीत. चामडे ओल धरते, म्हणून हत्यार खोळीत ठेवून लॉकरमध्ये टाकू नये. ते कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावे. वहीत तारीख, आढळलेला दोष आणि खोबणीचा क्रमांक लिहावा. कारागिराकडे हत्यार रिकामे न्यावे, मूळ परवाना सोबत असावा आणि हत्याराचा क्रमांक लिहिलेली पावती हातात पडल्याशिवाय दुकान सोडू नये. दुसऱ्या खोलीतली काडतुसे पुन्हा मोजावीत. आकडा सकाळच्या आकड्याशी जुळला की लॉकरला कुलूप लावावे.