चित्रकाराकडून थेट तैलचित्र घेताय? या चुका टाळा

मेणवलीच्या घाटावर सकाळच्या उन्हात चित्र काढायला बसलं, की पायऱ्यांची सावली मला कधीच काळी दिसत नाही. ती जांभळी असते, पाण्यालगत जरा हिरवट. इम्प्रेशनिस्ट पद्धतीत, म्हणजे त्या क्षणाचा उजेड पकडू पाहणाऱ्या चित्रशैलीत, असे रंग पॅलेटवर घोटून एकजीव करत नाहीत. ते शेजारीशेजारी ठेवायचे आणि मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं. म्हणून असं चित्र फोनवर बोटांनी मोठं करून पारखणं ही सगळ्यात मोठी चूक. तेवढ्या जवळून या शैलीचा फ्रेंच चित्रकार मोने याच्या चित्रातही नुसते डाग दिसतील. जमलं तर स्टुडिओत या, सात-आठ फुटांवरून पाहा, मग जवळ जा. लांब राहत असाल तर तीन फोटो मागा: दिवसाच्या उजेडातला, मागच्या बाजूचा आणि कडेने तिरका उजेड टाकून काढलेला. आम्हाला त्याचा मुळीच राग येत नाही.

तिरक्या उजेडात बरंच कळतं. कॅनव्हासवर छापलेल्या प्रतीवर पारदर्शक जेलचे फटकारे मारून ती 'हाताने रंगवलेली' म्हणून खपवली जाते. तिच्यावरचे उंचवटे एकीकडे जातात आणि चित्रातले रंग दुसरीकडे. अस्सल चित्रात जाड फटकाऱ्याचा रंग आणि त्याची उठलेली कड एकत्रच चालतात.

दुसरी चूक घाईची. तैलरंग पाणी उडून वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. हाताला कोरडा लागला तरी जाड थर आतून महिनोन्‌महिने मऊ असतो. पुढच्या आठवड्यात वास्तुशांत आहे म्हणून ताजं चित्र मागू नका. सुरुवातीच्या काळात एका ताईंच्या आग्रहाखातर मी तसं दिलं, तेही बबल रॅप थेट रंगावर गुंडाळून. त्यांनी उघडलं तेव्हा आभाळभर गोल ठसे उमटले होते. चित्र परत घेतलं, पैसे परत केले, पण ती सकाळ काही पुन्हा रंगवता आली नाही. तेव्हापासून रंगाला काहीही टेकणार नाही अशा खोक्यातच मी चित्र पाठवते. वाळलेलं चित्र गुंडाळून येणार असेल तर रंगाची बाजू बाहेर आणि नळी रुंद हवी.

वार्निश आपल्या मनाने लावू नका. जाड रंगावर ते सहा महिने ते वर्षभर थांबूनच लावतात, आणि काही चित्रांना नकोच असतं. पिसारो या इम्प्रेशनिस्ट चित्रकाराने एका चित्रामागे वार्निश करू नये असं लिहूनच ठेवलं होतं.

घरी आणल्यावर पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे चिकटवा, मागून हवा खेळते आणि बुरशी टळते. ओल्या फडक्याने कधीच पुसू नका, कोरडा मऊ ब्रश पुरे. उन्हाच्या तिरिपेत नको, तसंच कपाटात बंदही नको, कारण जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. कॅनव्हास सैल झाला तर मागच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलकेच ठोकतात. पहिल्या वेळी ते चित्रकाराकडूनच करून घ्या.

पावतीवर चित्राचं नाव, आकार, माध्यम, वर्ष आणि सही हवीच. आणखी एक: तयार चित्र विकत घेतलं तरी 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार छापण्याचे हक्क चित्रकाराकडेच राहतात. कंपनीच्या कॅलेंडरवर ते छापायचं असेल तर आधी विचारा आणि परवानगी लेखी घ्या.