जळगाव-भुसावळहून मुंबई एका दिवसात: फिरायचं कसं अन् खायचं काय

मित्रांचा मुंबईचा प्लॅन ग्रुपवर बनतो अन् ग्रुपवरच मरतो, कारण यादीत जुहू, मन्नत, हाजी अली, एलिफंटा सगळंच कोंबलेलं असतं. एका दिवसात एवढं होत नाही भो, निम्मा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो. त्यापेक्षा सीएसएमटी ते गिरगाव चौपाटी एवढाच पट्टा धरा, आधी खायच्या जागा ठरवा अन् बघायचं ते मधे मधे बसवा.

आधी तिकीट. जाताना विदर्भ किंवा अमरावती एक्सप्रेस, रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं अन् सुट्ट्यांमध्ये स्लीपर पटकन भरतो. येताना ह्या दोन्ही गाड्या मुंबईहून संध्याकाळी सात-आठलाच सुटतात म्हणजे चौपाटी बोंबलली, म्हणून परतीला महानगरी बरी, ती रात्री बारानंतर सुटते. आता इथं नीट लक्ष द्या, शनिवारी फिरणार असाल तर परतीचं तिकीट रविवारच्या तारखेचं काढायचं. कितीही सांगा, ग्रुपमधला एक जण शनिवारचंच काढतो अन् ती गाडी तुम्ही मुंबईत पोचायच्या आधीच निघून गेलेली असते. नंदुरबारवाला मित्र सुरतमार्गे येणार, त्याला सरळ चर्चगेटला भेटायला सांगा.

उतरल्यावर वेटिंग रूममध्ये आवरा, बॅगा क्लोकरूमला टाका (बॅगेला कुलूप पाहिजे, घरूनच लावून आणा). मग बाहेर येऊन रस्त्यापलीकडून स्टेशनची इमारत बघा. १८८७ ची आहे, युनेस्कोच्या यादीतली, अन् आपण दरवेळी तिच्या आतून घाईघाईत निघून जातो.

नाश्त्याला स्टेशनसमोर आराम वडापाव नाहीतर पंचमची पुरीभाजी. पण माझं ऐकाल तर धोबीतलावापर्यंत चालत जा अन् कयानीत बसा, १९०४ चं इराणी हॉटेल आहे, बनमस्का चहात बुडवून खायचा, वर एक मावा केक. पोट मात्र गच्च भरू नका, दुपार बाकी आहे.

तिथून चालतच हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांचं स्मारक आहे, दोन मिनिटं थांबा, सेल्फीची घाई नको. पुढं हायकोर्ट, राजाबाई टॉवर अन् ओव्हल मैदान. मैदानात उभं राहिलं की एका बाजूला टोकदार दगडी गॉथिक इमारती अन् दुसऱ्या बाजूला गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगी, फुकटात बघायला मिळतं. मग काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी अन् तिथंच जवळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ऊन चढलं की म्युझियममध्ये शिरायचं, हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडं ४५ डिग्रीत घाम जागेवर सुकतो पण मुंबईत ३३ लाच शर्ट पिळायची वेळ येते. सुती कपडे घाला, पाण्याची बाटली ठेवा.

गेटवे बघा, फोटो काढा, निघा. एलिफंटाच्या बोटीत एक तास जायला अन् एक यायला जातो, अन् अजिंठा आपल्या दारात असताना लेण्यांसाठी मुंबईतला अर्धा दिवस कशाला घालवायचा? नुसती समुद्राची हौस असेल तर मरीन ड्राइव्ह आहेच.

जेवायला बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया, १९२३ चं पारशी हॉटेल, बेरी पुलाव मागवा. दुपारचंच असतं, उशीर केला तर हुकेल. बजेट कमी असेल तर फोर्टातल्या गल्ल्यांमध्ये मासळीची थाळी देणाऱ्या खाणावळी आहेत. शेवभाजीचा तिखटपणा तिथं शोधू नका, ज्याला झणझणीतच लागतं त्यानं घरून ठेचा आणावा. माळकरी मित्र असेल तर त्याच्यासाठी दशम्या सोबत असू द्या, कुठं ना कुठं कामाला येतातच.

पैशांचं सांगतो. सकाळीच सगळ्यांची सारखी कॉन्ट्री काढून एकाकडं द्या, खर्च त्यानंच करायचा. दरवेळी सहा मोबाईल काढून क्यूआर स्कॅन करत बसलं की वेटर वैतागतो. अन् ह्या भागात रिक्षा नाहीत, टॅक्सी, बस नाहीतर पायी. हातात वेळ असेल अन् सिद्धिविनायकाचा आग्रहच असेल तर सीएसएमटीहून भुयारी मेट्रो थेट तिथं जाते, लोकलच्या संध्याकाळच्या गर्दीत नवख्यांनी शिरू नये.

सूर्य कलला की चर्चगेटला उतरा, के रुस्तमचं आईस्क्रीम सँडविच हातात घ्या अन् मरीन ड्राइव्हनं गिरगाव चौपाटीपर्यंत रमतगमत चाला. चौपाटीवर भेळ, कुल्फी. गप्पांना खरा वेळ इथंच मिळतो म्हणून इथं घड्याळ बघू नका, दहापर्यंत बसा. मग टॅक्सीनं सीएसएमटी, समोर कॅननची पावभाजी चालू असेल तर ती, नाहीतर दशम्या आहेतच. क्लोकरूममधून बॅगा घ्या, बोर्डावर प्लॅटफॉर्म बघा अन् जळगावच्या अर्धा तास आधीचा अलार्म सगळ्यांनी लावा, एकाच्या भरवशावर झोपू नका, गाडी पुढं थेट बनारसला जाते.