रस्त्याचं काम चालू असताना वेग: दंड किती आणि कोणाला?

माझे चार टेम्पो भिवंडीच्या गोदामांतून मीरा रोडला माल नेतात. म्हणजे रोज घोडबंदर रोड, आणि तिथे कुठे ना कुठे बॅरिकेड असतंच. नवीन ड्रायव्हर लागला की पहिल्या दिवशी मी स्वतः त्याच्या शेजारी बसतो आणि माजिवड्यापासून गायमुखपर्यंत बोर्ड वाचायला लावतो.

फावडं मारणाऱ्या माणसाचा त्रिकोणी बोर्ड म्हणजे इशारा. लाल गोलात आकडा असेल तर तो हुकूम, तेवढाच वेग. "तात्पुरता बोर्ड आहे शेठ" हे मी ऐकून घेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे सरकारला किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याला एखाद्या रस्त्यावर वेग कमी करता येतो, आणि महिन्याभरापुरतंच बंधन असेल तर राजपत्रात छापायचीही गरज नसते.

आता पैसे. आपल्या कायद्यात कामाच्या पट्ट्यासाठी दुप्पट दंड असं काही नाही, कलम १८३ च लागतं. छोटा हत्ती, कार अशा हलक्या गाडीला १,००० ते २,००० रुपये, मध्यम आणि जड गाडीला २,००० ते ४,०००. दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स जप्त. ड्रायव्हरसाठी हीच खरी शिक्षा, कारण लायसन्स गेलं की चूल थांबते.

पण तिथे नुसता वेगच मोजतील असं धरून चालू नका. दोन वर्षांपूर्वी रात्री वाघबीळजवळ आमच्या टेम्पोचा डावा आरसा झेंडा दाखवणाऱ्या पोराच्या हाताला घासून गेला. काठी तुटली, हात वाचला. मी गेलो तेव्हा तो ट्रॅफिकच्या कोनावर बसून मनगट चोळत होता, नारिंगी जॅकेट त्याला दोन मापं मोठं होतं. तो हात मोडला असता तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकली असती. जीव गेला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. कोणाला लागलं नाही तरी धोकादायक चालवण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहेच: पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० दंड, किंवा दोन्ही.

मालकांनो, हे तुमच्यासाठी. कलम १८३ ड्रायव्हरला वेगात चालवायला लावणाऱ्यालाही धरतं. "आठच्या आत माल उतरलाच पाहिजे" असं सांगितलंत, आणि मर्यादा पाळून तेवढ्या वेळात पोचणं शक्य नव्हतं असं कोर्टाला वाटलं, तर तुमचं ते सांगणंच तुमच्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा ठरतं. व्हॉट्सॲपवरचा आवाजसुद्धा सांगणंच की! त्या रात्री मीच दोनदा फोन केला होता. तेव्हापासून पार्टीला वेळ देताना मी घोडबंदरचा पाऊण तास जास्तीचा धरतो.

ड्रायव्हरने काय करायचं? पहिला त्रिकोण दिसला की ॲक्सिलरेटर सोडायचा, बॅरिकेडपाशी पोचून ब्रेक मारायचा नाही. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते, ३० ला सव्वाआठ. लेन आधीच बदलून घ्यायची. मागचा हॉर्न मारत राहिला तरी मर्यादा संपल्याचा बोर्ड येईपर्यंत वेग वाढवायचा नाही.

ई-चलान आलं तर आधी फोटो उघडून गाडीचा नंबर, जागा आणि वेळ ताडून बघा. चूक असेल तर लगेच ऑनलाइन तक्रार टाका. बरोबर असेल तर त्याच आठवड्यात भरून टाका.