खासबागला मैदान बघायला जाताना

खासबाग हे कोल्हापूरचं कुस्तीचं मैदान, आणि तिथं भरणाऱ्या कुस्त्यांनाही आम्ही मैदानच म्हणतो. ते मैदान रोज नसतं. कोल्हापुरात उतरलो, अंबाबाईचं दर्शन घेतलं आणि चला आता खासबागला कुस्ती बघू, असं जमत नाही. एरवी गेलात तर मधोमध रिकामा हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, आणि भोवतीचा चढता उतार दिसेल. तेही बघण्यासारखं आहे, पण त्याला तयारी लागत नाही. म्हणून आधी तारीख काढा. पावसाळ्यात माती ओली होते, मैदानं थांबतात. दिवाळी सरली, गावोगावच्या जत्रा-यात्रा सुरू झाल्या की कुस्तीचे दिवस येतात आणि उन्हाळा संपेपर्यंत टिकतात. तारीख फोनवर शोधत बसण्यापेक्षा कोल्हापुरातल्या कुणाला तरी चौकातला फलक बघायला सांगा. फलकावर वर दोन मोठे पैलवान, ती एक नंबरची जोड. खाली दोन नंबर, तीन नंबर. आणि तळाला बारीक अक्षरात नेमलेल्या चटकदार कुस्त्या. त्या फलकाचा फोटो मागवून घ्या. मैदानात लाउडस्पीकरवरून नावं पुकारली जातात तेव्हा हलगीच्या आवाजात निम्मी ऐकू येत नाहीत, मग तोच फोटो उपयोगी पडतो.

तारीख ठरली की ती अंबाबाईच्या देवळासमोरच्या महाद्वार रोडच्या पंचांगाशी ताडून बघा. हे बाहेरचे लोक हमखास विसरतात. खासबागला जायची चांगली वाट या रोडवरून जाते आणि हा रोड वर्षातले काही दिवस तुमचा नसतो. नवरात्रात तो भाविकांचा असतो. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत किरणोत्सव. मावळतीची किरणं पश्चिमेच्या महाद्वारातून आत येतात आणि थेट गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी पायांवर, मग वर सरकत मुखापर्यंत. ढग नसले आणि वाटेत कुणाचा मजला आडवा आला नाही तर. या अडथळ्यांवरून शहरात किती वर्षं वाद चालू आहे ते विचारू नका. त्या संध्याकाळी महाद्वारासमोर उभं राहायला मिळालं तर कुस्ती दुसऱ्या दिवशी बघा, माझं स्पष्ट मत आहे.

आता वाट. गाडी महाद्वार रोडवर घालू नका. बिंदू चौकातल्या पार्किंगमध्ये लावा, किंवा रेल्वेनं, एसटीनं आला असाल तर रिक्षानं बिंदू चौकापर्यंत या आणि उरलेलं पायी. खरं तर सरळ भवानी मंडपावरून पाचसात मिनिटांत खासबाग येतं. पण मी सांगतो तसं वाकड्या वाटेनं जा. देवळाच्या पूर्वेच्या दारानं आत शिरा, दर्शन घ्या आणि पश्चिमेच्या महाद्वारानं बाहेर पडा. उजवीकडे गेलात तर पापाची तिकटी, डावीकडे बिनखांबी गणेश मंदिर. एवढ्या दोन टोकांत आमचा महाद्वार रोड संपतो. साड्या, ड्रेसचं कापड, बांगड्या, कुंकू, मुलांचे कपडे, दिवाळीत रांगोळी, संक्रांतीत वाणाच्या वस्तू. बाजूला गुजरीत सोनं आणि कोल्हापुरी साज. लग्नाचा बस्ता बांधायचा तर अजूनही घरातल्या बायका इकडेच येतात. तुम्ही डावीकडे वळा. बिनखांबी गणपतीपासून मिरजकर तिकटी, आणि तिथून पुढं खासबाग.

हीच वाट उलटी धरली की अनंत चतुर्दशीची मिरवणूक होते. मानाच्या तुकाराम माळी तालमीचा गणपती खासबागपासून निघतो. मग मिरजकर तिकटी, बिनखांबी, महाद्वार रोड, पापाची तिकटी आणि गंगावेश. गणपती आणायचा तो तालमीनं, मिरवणूक काढायची ती तालमीनं, आणि सुरुवात कुठून तर कुस्तीच्या मैदानापासून. मैदान आणि रस्ता या शहरात वेगळे काढता येत नाहीत, म्हणून तर चालत जा म्हणतो.

चालायचं म्हटल्यावर पायात काय, हा प्रश्न येतो. पापाच्या तिकटीच्या बाजूला चप्पल लाईन आहे. कोल्हापुरात आलो म्हणजे चप्पल घ्यायचीच, आणि घेतली की लगेच पायात घालायची, हा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला होता, आणि मी तर इथलाच. नवी कोरी, करकर वाजणारी जोडी घालून मैदानात गेलो. तीन नंबरच्या कुस्तीला अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला. एक नंबरची कुस्ती मी चप्पल हातात धरून बघितली. शेजारचे म्हातारे म्हणाले, "पाव्हणं, चप्पल दोन दिस तेलात मुरवायची असती, मग घालायची असती." मी पाव्हणा नव्हतो, पण त्या दिवशी बोलायची सोय नव्हती. चप्पल जरूर घ्या, पण पिशवीत ठेवा. मैदानात जुनी, सवयीची चप्पल घाला, कारण खाली बसायचं आहे आणि मांडी घालताना बूट अडचणीचे.

बसायचं खालीच, हे कळायला मैदान कसं बांधलंय ते थोडं माहीत हवं. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोममधलं जुनं प्रेक्षागार बघितलं. तसं काही आपल्या पैलवानांसाठी हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं. खासबाग १९१२ साली खुलं झालं. पहिल्या कुस्तीला गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन असे दोन मोठे मल्ल उभे होते, आणि इमामबक्षनं कुस्ती मारली. पण मला कौतुक आहे ते त्या उताराचं. गोल मैदान, मध्ये हौदा, सभोवार चढत जाणारी बसायची जागा. पुढच्याचं डोकं मागच्याच्या डोळ्यांआड येत नाही. हजारो माणसं बसतात आणि सगळ्यांत मागच्यालाही पाठ लागली की नाही हे दिसतं. अट एकच, सगळ्यांनी बसलं पाहिजे. एक उभा राहिला की त्याच्या मागच्या रांगेतल्या सगळ्यांना उभं राहावं लागतं, आणि मग मागून "ए, बस की खाली!" अशी आरोळी येते. छत्री आणू नका ती त्याचसाठी. छत्री उघडली तर आरोळीवर भागणार नाही.

पण वर छप्पर नाही आणि कुस्त्या दुपारी सुरू होतात. म्हणून छत्रीऐवजी टॉवेल. माझ्या यादीत टॉवेल सगळ्यांत वर. दुपारी डोक्यावर, मग घाम पुसायला, संध्याकाळी बुडाखाली. पाठीला टेकायला काही मिळत नाही; चारपाच तास ताठ बसायची सवय नसेल तर घरी एखादा दिवस जमिनीवर बसून जेवून बघा. पाण्याची बाटली भरून घ्या. पांढरा सदरा घालू नका. हौद्याच्या जवळ बसलात आणि जिंकलेला पोरगा खुशीत गर्दीत घुसला की तांबडी माती तुमच्या खांद्यावर लागणार. ती साधी मातीही नसते. चाळून घेतलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू असं घालून ती मऊ केलेली असते. हळदीचा आणि तेलाचा डाग एकत्र आल्यावर काय होतं ते घरात विचारा.

खिशात सुट्टे पैसे ठेवा. हे खर्चासाठी नाही. लहान गटातला एखादा पोरगा देखणी कुस्ती करतो, मग तो गर्दीतून फिरतो आणि लोक त्याच्या हातावर दहा, वीस, पन्नास ठेवतात. पाचशेची नोट काढून "सुट्टे आहेत का" असं त्या पोराला विचारायची वेळ आणू नका. कुणी जाणकार म्हातारा पाचच रुपये देतो, पण पाठीवर हात ठेवून देतो, आणि पोरगा वाकून पाया पडतो. हे बघायला लवकर जायला हवं. लोक एक नंबरच्या कुस्तीला संध्याकाळी उगवतात, दिव्यांच्या उजेडात दोन बलदंड माणसं अर्धा तास खडाखडी करतात, एकमेकांच्या मानेवर हात टाकून ताकद अजमावतात, आणि पाहुणे कंटाळतात. लवकर आलात तर बारा-चौदा वर्षांची पोरं दिसतील. ती खडाखडीत वेळ घालवत नाहीत. सलामी झाली की एकानं पट काढलेला असतो.

डाव थोडे शिकून जा. सगळे नकोत, चार पुरे. पट काढणं म्हणजे वाकून समोरच्याचे पाय ओढणं. कब्जा घेणं म्हणजे मागं जाऊन त्याला धरणं, तो खाली गेला की अर्धी कुस्ती झाली असं पब्लिक समजतं. घिस्सा म्हणजे खाली धरलेल्याच्या लांगेला, म्हणजे लंगोटाला, हात घालून त्याला उलटायचा डाव. ढाक मात्र शब्दांत सांगता येत नाही. उभ्या उभ्या हात काखेत गुंतवून पाठीवरून टाकतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत समोरचा आस्मान बघत असतो. माझा अनुभव असा, की ढाक बसते तेव्हा आपण नेमके शेंगा सोलत असतो. म्हणून शेंगा मोठ्या कुस्तीआधी संपवा. आणि एक शब्द लक्षात ठेवा, 'निकाली'. कुस्ती निकाली लावली म्हणजे दोन्ही खांदे मातीला टेकवून चीत करूनच ती संपवायची. वेळ उलटला आणि गुणांवर सोडवली तर लोक हळहळतात, कधी चिडतात. बरोबरीत सोडवली तर पंचांनी तोंड कुठं लपवावं असा प्रश्न पडतो.

हलगीकडे कान द्या. हलगी आणि घुमक्याचे वादक हौद्याशेजारी असतात आणि कुस्ती चढते तसा त्यांचा ठेका चढतो. मागच्या रांगेत कुणाला काही दिसलं नाही तरी हलगीवरून समजतं की काहीतरी घडतंय.

तालमींची नावं माहीत असली तर अर्ध्या गर्दीशी ओळख होते. निवेदक पैलवानाचं नाव घेतो, मग वस्तादाचं, मग तालमीचं. गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग ही नावं आली की एकेका बाजूनं आवाज उठतो. १९५९ साली पहिला हिंदकेसरीचा किताब मिळवणारे श्रीपती खंचनाळे आणि पुढच्याच वर्षी तो मिळवणारे गणपतराव आंदळकर, दोघेही कोल्हापूरच्या तालमींत तयार झाले. गंमत म्हणजे दोघेही जन्मानं कोल्हापूरचे नव्हेत. खंचनाळे कर्नाटकातल्या एकसंब्याचे, आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. आम्ही मात्र दोघांना आमचेच मानतो आणि त्याबद्दल कुणाशी चर्चा करत नाही.

सोबत लहान मुलं असतील तर त्यांना आधी खाऊ घाला. खासबागच्या बाजूला खाऊगल्ली आहे, भेळ तिथंच खावी. म्हातारी माणसं असतील तर वर न चढता दाराजवळच्या बाजूला बसवा. बायकांनी गर्दीचा अंदाज घेऊन, चारचौघी मिळून जाणं सोयीचं. स्वच्छतागृह मैदानात शिरायच्या आधी, बाजारातच बघून घ्या. आत शिरायचं दार कोणतं हे मात्र तिथं जाऊनच विचारा. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू केलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. नाटकवाले रस्त्यावर उभे राहून रडत होते. एका अंगाला नाटक आणि एका अंगाला कुस्ती, मध्ये फक्त भिंत, अशी जोडी मांडून गेलेल्या राजाचं ते थिएटर. तिथल्या कामामुळं वाटा बदलतात, म्हणून विचारून जा.

एक नंबरची कुस्ती सुटली की लगेच उठू नका. सगळे एकदम उठतात, मिरजकर तिकटीपर्यंत माणसाला माणूस लागतो. दहा मिनिटं बसून राहा, हौद्यात पोरं माती अंगाला फासत असतात ती बघा. मग बिनखांबीवरून महाद्वार रोडला लागा. दुकानं शटर ओढायच्या बेतात असतील. तसेच पुढं पापाच्या तिकटीवरून गंगावेशीत या, वेळेत पोचलात तर दूध कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या असतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. टॉवेलनं मिशीवरचा फेस पुसा. पिशवीतली नवी चप्पल घरी गेल्यावर तेल लावून ठेवा.