फिशटँकचा लाइट वर, ड्रायव्हर लांब : वायरिंग नीट कसं करावं

टँकच्या झाकणात बसवलेला एलईडी ड्रायव्हर (घरातल्या 230 व्होल्टचा लाइटला चालेल असा डीसी करून देणारा डबा) नागपूरच्या मे महिन्यात फार दिवस टिकत नाही. बाहेर पारा 45 च्या वर, झाकणाखाली पाण्याची वाफ, त्यात ड्रायव्हरची स्वतःची उष्णता. आतले कपॅसिटर आधी मरतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून ड्रायव्हर टँकपासून दीड-दोन मीटर तरी बाजूला, भिंतीवर, हवा लागेल असा हवा. टँकखालच्या कपाटात नको, कारण गळती झाली की पाणी तिथेच उतरतं. कूलरच्या झोतासमोरही नको. तो थंड वाटतो, पण ओला असतो.

लांबवायची ती फक्त डीसी बाजूची वायर. 230 व्होल्टची वायर टँकपर्यंत ओढून ड्रायव्हर पाण्याजवळ ठेवायचा असला, तर हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे.

ड्रायव्हर घेताना लेबलवर ‘एसईएलव्ही’ (SELV) किंवा ‘आयसोलेटेड’ लिहिलेलं पाहा, म्हणजे आउटपुट 230 व्होल्टच्या बाजूपासून पूर्ण वेगळं असतं. छताच्या स्वस्त पॅनल लाइटमधून काढलेले ड्रायव्हर अनेकदा नॉन-आयसोलेटेड असतात. त्यांच्या आउटपुटचा थेट फेजशी संबंध असतो, म्हणजे ‘डीसी आहे, काही होत नाही’ म्हणून हात लावलेली तारही झटका देऊ शकते. टँकवर असला ड्रायव्हर कधीच नाही. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या दुकानांत जाळीदार पत्र्याचा सप्लाय स्वस्त मिळतो, तोही नको. त्याचे 230 व्होल्टचे स्क्रू उघडे असतात आणि उबेला आलेली पाल जाळीतून आत शिरून शॉर्ट करते. पूर्ण बंद, दोन्ही टोकांना वायर निघालेला घ्या. लाइट 24 वॉटचा असेल तर ड्रायव्हर 36 वॉटचा.

आता वायरची जाडी. 12 व्होल्टची 24 वॉटची एलईडी पट्टी 2 अँपिअर ओढते. ड्रायव्हर 5 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 10 मीटर तांबं होतं. अर्ध्या एमएमच्या (म्हणजे 0.5 चौरस मिलिमीटर छेदाच्या) वायरमध्ये त्याचा रोध सुमारे 0.35 ओहम, म्हणजे 0.7 व्होल्ट वाटेतच गेले. ऐकायला कमी वाटतं. पण पट्टीतल्या ओळीने जोडलेल्या तीन एलईडी सुमारे 9 व्होल्ट घेतात आणि करंट ठरवणाऱ्या रेझिस्टरवर जेमतेम 3 उरतात. तूट त्या तिनातून पडते आणि उजेड साधारण पाचव्या हिश्शाने घटतो. मग लोक पट्टी खराब म्हणून बदलतात! दीड एमएम वायरमध्ये तीच तूट 0.23 व्होल्टवर येते. त्याहून सोपा उपाय म्हणजे मुळात 24 व्होल्टची पट्टी घेणं : करंट निम्मा, तूट निम्मी, आणि एकूण व्होल्टेज दुप्पट असल्याने ती जाणवतही नाही. कॉन्स्टंट करंट (व्होल्टेज नव्हे, करंट कायम ठेवणाऱ्या) ड्रायव्हरला या तुटीने फरक पडत नाही, तो व्होल्टेज वाढवून भरून काढतो. मात्र तो चालू असताना लाइट जोडू नका. मोकळ्या टोकांवर व्होल्टेज कमाल पातळीला चढलेलं असतं. जोडताक्षणी एलईडी जाऊ शकते.

खरी गोम जोडात आहे. पीळ देऊन काळी टेप गुंडाळणं हा जोड नव्हे. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळून सरकतो, जुलैत ती उलगडते. त्याहून वाईट गोष्ट बाहेरून दिसतच नाही. बारीक तारांच्या वायरीत पाणी केशाकर्षणाने आवरणाच्या आतून चढतं. लाइटकडचं टोक ओलं राहिलं की तांबं आतल्या आत हिरवं पडत जातं आणि ओल थेट ड्रायव्हरपर्यंत पोहोचते. आयपी 67 (धूळ-पाणी आत न शिरण्याचं रेटिंग) लिहिलेल्या लाइटचंही हेच. ते रेटिंग लाइटचं आहे, तुम्ही कापून जोडलेल्या वायरचं नाही.

म्हणून जोड टँकवर करूच नका, ड्रायव्हरजवळ करा. लाइटची वायर तोकडी असेल आणि टँकपाशी जोडणं भागच असेल, तर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब (तापवली की आकसून वायरीला घट्ट बसणारी नळी) आणा. साधी चालणार नाही. ट्यूब आधी वायरीत ओवा, डाग (सोल्डर) दिल्यावर आठवून उपयोग नाही. दोन तारांचे जोड तीन-चार सेंटिमीटर पुढे-मागे ठेवा, म्हणजे ते समोरासमोर येत नाहीत. फ्लक्स राळेचाच वापरा. ॲसिडचा फ्लक्स वर्षभरात तांबं खातो. प्रत्येक तारेवर छोटी ट्यूब, मग सगळ्यावर मोठी, आणि दोन्ही टोकांतून गोंद बाहेर डोकावेपर्यंत हीट गनने तापवा. लायटरने काजळी धरते. जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर क्लिपने धरा, कारण डाग संपतो तिथे तार कडक होते आणि झाकण रोज उघडलं की नेमकी तिथेच तुटते.

वायर भिंतीवर केसिंग पट्टीतून न्या. ड्रायव्हरमध्ये आणि प्लगमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकलं पाहिजे. ड्रायव्हरच्या आउटपुटला 3 अँपिअरचा फ्यूज लावा.

सॉकेटला अर्थिंग आणि मागे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच) माणसाला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

दोन तास चालवून ड्रायव्हरला हात लावा. हात ठेववत नसेल तर जागा बदला. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. आणि डिसेंबरात तो वारंवार पडू लागला, तर लाइटला बोल लावण्याआधी प्लग काढून टँकमधला हीटर बाहेर काढा आणि त्याची काच तडकली आहे का पाहा.