हॅकिंग शिकायचंय? आधी २१११ हा नंबर टाकून बघा

नागपुरात धरमपेठेत ओळखीतली कॉलेजची पोरं भेटली की हमखास एकच प्रश्न, "दादा, हॅकिंग शिकायचंय, कोणता क्लास लावू?" आता मी पडलो कॉमर्सवाला, दिवसभर जीएसटीचे रिटर्न भरतो अन् कोडिंग हा नुसता रात्रीचा छंद, त्यामुळे माझं ऐकायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण फी भरायच्या आधी एवढं करून बघा नं.

देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते, गणिताचे नादी. त्यांनी १९४९ मध्ये एक गंमत दाखवली. चार आकडी नंबर घ्या (चारही आकडे सारखे नकोत), आकडे उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, मोठ्यातून लहान वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तेच. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतं अन् तिथेच थांबतं, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की परत ६१७४. याचा प्रोग्राम म्हणजे पायथॉन या कोडिंगच्या भाषेत दहा-बारा ओळींचं काम आहे.

पाच-पंचवीस नंबर टाकून बघाल, सगळे बरोबर येतील, वाटेल झालं. मग २१११ टाका. २१११ वजा १११२ म्हणजे ०९९९, पण कॉम्प्युटर ते नुसतं ९९९ म्हणून ठेवतो, पुढचा शून्य गायब, मग ९९९ वजा ९९९ शून्य, अन् प्रोग्राम शून्यावर गरगर फिरत बसतो. शून्य धरून ठेवला तर ८९९१, ८०८२, ८५३२ करत बरोबर ६१७४ येतं. हे होतं फक्त तीन आकडे सारखे अन् चौथा एकानेच कमी-जास्त असेल तेव्हा, म्हणजे सहजासहजी सापडत नाही. मला विचाराल तर सिक्युरिटीतलं निम्मं काम हेच आहे राजेहो, लिहिणाऱ्याने मनात काय गृहीत धरलं ते शोधायचं अन् नेमकं तेच मोडणारं इनपुट द्यायचं. पाच आकड्यांवर करून बघा, तिथे एक ठरलेलं उत्तर नाहीच, नंबर लूपमध्ये अडकतात, मग लूप ओळखायचा कसा हा कॉम्प्युटर सायन्सचा प्रश्न आपोआप समोर येतो, पुस्तक न उघडता.

यानंतर ओव्हर द वायर या वेबसाइटवरचा 'बँडिट' हा खेळ खेळा. फुकट आहे, एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड देऊन काम करायची सोय) त्यांच्या मशीनवर लॉगिन करायचं अन् प्रत्येक लेव्हलला पुढचा पासवर्ड शोधायचा. सुरुवातीलाच एक फाइल येते जिचं नावच नुसती आडवी रेघ, फाइल वाचून दाखवणाऱ्या 'कॅट' कमांडला ती दिली की तो तुमच्या टायपिंगची वाट बघत बसतो, कारण त्याच्या लेखी त्या रेघेचा अर्थ कीबोर्ड. नावाच्या आधी डॉट-स्लॅश (./) लावलं की फाइल उघडते. परत तेच, गृहीत धरणं! इथे उत्तर गुगल करू नका, अडकून राहण्यातच मजा आहे. लॅपटॉप भारी नको, सीताबर्डीवरचा सेकंडहँड घेऊन लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाका, बस झालं. फक्त मे महिन्यात कूलरच्या थेट समोर ठेवू नका बाप्पा, ओली हवा त्याला चालत नाही.

एक गोष्ट मला उशिरा उमगली, चूक पकडणं वेगळं अन् चोर पकडणं वेगळं. क्रेडिट कार्डाचा शेवटचा आकडा लून नावाच्या पद्धतीने येतो, टायपिंगमध्ये एक आकडा चुकला तर लगेच कळतं, पण शेजारचे ० अन् ९ अदलाबदल झाले तर कळत नाही. आधारमध्ये व्हरहॉफची पद्धत आहे, ती ही अदलाबदलही पकडते. दोन्ही स्वतः लिहून बघा, व्हरहॉफला डोकं फिरेल पण सोडू नका. पण मुद्दाम खोटा नंबर बनवणारा तो शेवटचा आकडाही बरोबर काढून लावेलच की! त्यामुळे चेकसम (म्हणजे हाच तपासणीचा आकडा) जुळला म्हणून नंबर खरा, असं कुठे लिहिलेलं दिसलं तर समजा तिथे गडबड आहे.

नोकरीचं म्हणाल तर मी त्या लाइनचा नाही, पण माझ्या ओळखीतली जी पोरं इथल्या मिहानमधल्या आयटी कंपन्यांत किंवा पुण्याला लागली त्यांना सर्टिफिकेटपेक्षा स्वतः सोडवलेल्या कोड्यांबद्दल बोलता आलं, कुठे अडकलो, काहून अडकलो, कसा सुटलो. म्हणून प्रत्येक कोडं सुटलं की मराठीत का होईना, अर्धं पान लिहून ठेवा.

अन् हे सगळं फक्त स्वतःच्या मशीनवर किंवा खेळायला दिलेल्या सर्व्हरवर. कॉलेजच्या पोर्टलवर हात मारून बघायचा मोह होतो, माहीत आहे, पण आयटी कायदा २००० च्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, अन् "शिकत होतो साहेब" हे ठाण्यात कोणी ऐकत नाही. चुकून कुठे भोक दिसलंच तर तिथेच थांबा, आत शिरून कोणाचा डेटा डाउनलोड करू नका, काय दिसलं तेवढं लिहून साइटवाल्यांना नाहीतर सर्ट-इनला (सायबर सुरक्षेचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) मेल करा.