शेवंड घ्यायला जाताय? आधी हे शब्द नीट समजून घ्या

लॉबस्टर म्हटलं की डोळ्यासमोर दोन मोठ्या नांग्याच येतात, पण आपल्या किनाऱ्यावर मिळते ती शेवंड आणि तिला तशा नांग्या नसतातच. माझ्या ओळखीतले एक काका हॉटेलात "नांग्या काढून घेतल्या तुम्ही" म्हणून भांडायला उठले होते, त्यात हॉटेलवाल्याची काही चूक नव्हती. नांग्यावाला लॉबस्टर अटलांटिकच्या थंड पाण्यातला, अमेरिकन नाहीतर युरोपियन. मेनूवर स्पायनी लॉबस्टर किंवा रॉक लॉबस्टर लिहिलं असेल तर शेवंडच्याच जातीचं काहीतरी येणार हे समजून ऑर्डर द्या. ऑस्ट्रेलियात तर हिला क्रेफिश पण म्हणतात, बाकी ठिकाणी क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला वेगळाच प्राणी.

आता बाजारात. शेवंड उचलायची ती पाठीच्या कवचाला धरून, जिवंत असली की शेपटी फाडफाड आपटते आणि मिशांच्या बुडातून कर्रर्र असा आवाज काढते, एकदा ऐकलात की विसरणार नाही. शेपटी नुसती लोंबत असेल तर घेऊ नका. कवच दाबल्यावर मऊ लागलं तर तिने नुकतीच कात टाकलीय, आत मांस कमी आणि पाणी जास्त, मोठी दिसते म्हणून फसू नका.

नर की मादी बघायला उलटी करा. चालायच्या पायांची शेवटची जोडी बघा, टोकाला बारीकसा चिमटा असेल तर मादी, साधं टोक असेल तर नर.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गाभोळी आणि अंडी यात. गाभोळी शरीराच्या आत असते, ती खातात. डोक्यात जो हिरवट मऊ भाग असतो तो टॉमॅली, म्हणजे यकृत आणि स्वादुपिंड मिळून, तिथे विषारी द्रव्यं साठू शकतात म्हणून मी काढूनच टाकतो. पण शेपटीखाली बाहेरून चिकटलेला दाणेदार घोस दिसला, आधी नारिंगी आणि पिल्लं निघायच्या आधी तपकिरी, तर ती अंडीवाली मादी. ती घेऊ नका, खरंच. सरळ म्हणा, "मावशी, अंडीवाली नको, दुसरी दे."

हे एवढं जीव तोडून सांगतोय कारण शेवंडीचा चपटा भाऊबंद, सँड लॉबस्टर किंवा स्लिपर लॉबस्टर म्हणतात तो, मुंबईच्या समुद्रातून 1990 च्या दशकात जवळजवळ संपला, ट्रॉलरच्या जाळ्यात अंडीवाल्या माद्या सुद्धा भरमसाट येत होत्या. आणि शेवंडीचं पिल्लू काय लगेच मोठं होत नाही, पानासारखं चपटं पारदर्शक असतं, फिलोसोमा म्हणतात त्याला, ते कित्येक महिने नुसतं पाण्यात तरंगत असतं.

शेवटचा शब्द लीगल साइज. एक्सपोर्टसाठी 2003 पासून कमीत कमी वजन ठरलेलं आहे, आपल्याकडे जास्त दिसणारी, अंगावर आडवे पांढरे पट्टे असलेली शेवंड 300 ग्रॅम आणि सँड लॉबस्टर 150 ग्रॅम. मी घरी खायला घेताना पण हाच आकडा धरतो, काट्यावर 300 च्या खाली दिसली की परत टोपलीत.